तिथीवार कुलूप

३ सप्टेंबर २००१, सोमवार

अत्यंत खेदाने नमूद करतो की कचेरीतला पंखा आज माझ्यावरून काढून संगणकाकडे वळवण्यात आला. मला विचारलं नाही. सात महिने त्या पंख्याच्या वाऱ्यात बसून, घामाचा एक थेंब कागदावर पडू न देता मी बाराशे इंग्रजी शब्दांचं मराठी केलं. आज अक्षताने येऊन त्याची मान मुरगाळली. म्हणाली, काका, सर्व्हर तापतोय. मी म्हणालो, मीही तापतोय. तर म्हणते, तुम्ही चहा दिला की थंड होता, त्याला चहा देता येत नाही.

अक्षता चोवीस वर्षांची आहे. 'अभेद्य'चा निम्मा प्रोग्राम तिने लिहिलाय, म्हणून ऐकून घेतो.

'अभेद्य' म्हणजे आमचं स्वदेशी सॉफ्टवेअर. सरकारी कचेऱ्यांतली पत्रं, टिपणं, संचिका, सगळं आपल्याच माणसांनी लिहिलेल्या प्रणालीत राहावं, परक्याच्या हाती काही पडू नये, हा हेतू. नाव मी दिलं. कंपनी चेतनची. सदाशिव पेठेत एका होमिओपॅथच्या दवाखान्यावर तीन खोल्या. माणसं पाच: चेतन, अक्षता, आणखी दोन प्रोग्रामर आणि मी. दवाखान्याची पाटी आमच्यापेक्षा मोठी असल्याने आठवड्यातून दोन-तीन रुग्ण वर येतात. एकाला मी परवा सर्दीसाठी तुळशीचा काढा सांगितला.

दुपारी शेवटचा शब्द संपला. चेतनला सांगितलं, भाषांतर पूर्ण झालं. तो म्हणाला, वा काका. विचारलं, आता पुढे काय? तो म्हणाला, बघू.

अंबेजोगाईहून पुण्यात येऊन मला बत्तीस वर्षं झाली. इथल्या 'बघू'चा अर्थ मला शिकवावा लागत नाही. मी शिकवत होतो त्या शाळेत मुख्याध्यापकही 'बघू'च म्हणाले होते. पुढच्या जूनमध्ये संस्कृतची तुकडी बंद, त्या वर्गात संगणक, आणि एकावन्नाव्या वर्षी वैजनाथ पुराणिक घरी. दीड वर्ष घरी.

संकल्प: या कंपनीत अपरिहार्य व्हायचं. महिनाअखेरपर्यंत.

६ सप्टेंबर, गुरुवार

आज चहाला चेतन फार छान बोलला. परक्याचं सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे परक्याने बांधलेल्या घरात राहणं. भिंतीत कुठे चोरदार ठेवलंय ते बांधणाऱ्यालाच माहीत. आज गोडी आहे तोवर ठीक. उद्या दोन देशांचं वाजलं की तो दार उघडून आत, आणि आपण पुढच्या दाराला कडी लावून निवांत. म्हणून शहाणी राष्ट्रं आता स्वतःचं घर स्वतः बांधायला लागलीत.

घरी आल्यावर आमच्या ब्लॉकच्या भिंती ठोकून पाहिल्या. सौ. सुशीला म्हणाली, बिल्डर मराठीच होता, तरी ओल येतेच ना.

वृत्तपत्राला पत्र लिहायला घेतलं: 'राष्ट्र आणि चोरदार'. वाचकांच्या पत्रव्यवहारात मी अठरा वर्षं लिहितो. संपादक नेहमी शेवटचा परिच्छेद कापतात आणि मुद्दा नेमका तिथेच असतो. यावेळी मुद्दा पहिल्याच वाक्यात घातलाय.

१२ सप्टेंबर, बुधवार

काल अमेरिकेत जे झालं ते टीव्हीवर परत परत दाखवताहेत. जगातलं सर्वांत बंदोबस्ताचं राष्ट्र. मी उठून दाराची कडी दोनदा तपासली. सुशीला म्हणाली, अहो, ते विमानांनी केलं, तुमच्या संगणकाने नाही. ती पोस्टात काउंटरला असते, तिला संकट समोर रांगेत उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

कचेरीत दुसरा विषय नाही. चेतन म्हणाला, आपलं मूळ मशीन उघडंच असतं. 'अभेद्य'चा सगळा प्रोग्राम त्यात आहे. दिल्लीची समिती तपासायला येईल तेव्हा पहिलं तेच विचारेल. पक्कं कुलूप पाहिजे. कोण घेतं अंगावर?

दोन्ही प्रोग्रामर छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. चेतन म्हणाला, काका, तुम्ही? मी म्हणालो, गुप्त गोष्टी मुखोद्गत ठेवणं हा आमच्या परंपरेचा दोन-तीन हजार वर्षांचा धंदा आहे. अक्षता म्हणाली, घेऊ दे त्यांना, मी प्रोग्राम करून देते.

आज महिन्यात प्रथमच घास गोड लागला. भीती मात्र आहेच.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

योजना तयार. नोंदवून ठेवतो, शब्द सोडून.

एक. रोज वेगळा गुप्तशब्द. कुठला? त्या दिवशीची तिथी. महिना, पक्ष, तिथी, सलग. परदेशी शत्रूकडे महासंगणक असेल, पंचांग नसणार. आज शुद्ध की वद्य हे आमच्याच कचेरीत तिघांना सांगता येत नाही, तर तिकडच्यांना काय येणार?

दोन. एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालायचा नाही. उष्टं ते उष्टं. अक्षता म्हणाली, हे चांगलंय, मोठ्या सिस्टिम्समध्ये असंच असतं. मी म्हणालो, आमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे.

तीन. तीनदा चुकलं की यंत्र एक अहोरात्र बंद. चेतन म्हणाला, काका, चोवीस तास जास्त होतात. मी म्हणालो, शत्रूला पश्चात्तापाला वेळ नको?

पुढच्या सहा महिन्यांची यादी, प्रत्येक तारखेपुढे तिचा शब्द, मीच यंत्रात भरणार. चेतन म्हणत होता, एक प्रत पाकिटात घालून कपाटात ठेवू. ठाम नकार दिला. लिहिलेलं चोरता येतं. माझ्या डोक्यातलं कोण चोरणार?

१७ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर यादी भरली. अक्षताला तोंड फिरवून बसायला सांगितलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून दोन तास कणीस खात बसली. मध्येच म्हणाली, काका, एकदा मला नजर टाकू द्या, टायपो असेल. म्हटलं, बाळ, मी व्याकरणात एम.ए. आहे.

यंदा अधिक आश्विन. उद्यापासून तो सुरू, मग खरा आश्विन. प्रत्येक शब्दाच्या आधी 'अधिक' टंकायचं म्हणजे महिनाभर रोज पाच अक्षरं जास्त, तीही इंग्रजी, आणि मी एका बोटाने टंकतो. बोट सुजलंय. शिवाय अधिक म्हणजे जादाचाच महिना. शब्दातून गाळला. आश्विन तो आश्विन.

मात्र एखादी तिथी दोन दिवस आली तर दुसऱ्या दिवसाच्या शब्दाला शेपूट जोडायला विसरलो नाही. दुसरा कोणी असता तर नक्की फसला असता. या कामाला पंचांग कोळून प्यायलेलाच माणूस लागतो.

१८ सप्टेंबर, मंगळवार. अधिक आश्विन शुद्ध प्रतिपदा

सकाळी नऊ वाजता सगळ्यांच्या देखत कुलूप उघडलं. पडद्यावर माझंच मराठी आलं: 'शब्द मान्य आहे. प्रवेश करावा.' अंगावर काटा आला. दोन्ही प्रोग्रामरनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

अधिकमासात शुभकार्य करू नये म्हणतात. पण कुलूप लावणं शुभकार्यात मोडत नाही. तिथे भयच मूळ आहे.

२० सप्टेंबर, गुरुवार

जगभरच्या संगणकांत कसलासा किडा शिरलाय. अक्षता म्हणाली, मेलमधून येतो, वेब पेज बघितलं तरी येतो, कसाही येतो. मोठमोठ्या कंपन्या आडव्या झाल्या. आमच्याकडे एक केसही वाकडा नाही!

चेतन म्हणाला, आपला फोन सोमवारपासून डेड आहे ना, इंटरनेटच नाहीये.

फोन बंद असणं हा निव्वळ योगायोग. कुलूप मंगळवारी लागलं आणि किडा बुधवारी फिरकला नाही. पत्रात हा दाखला घालतोय.

२४ सप्टेंबर, सोमवार

फोन सुरू झाला आणि छळ सुरू झाला. दिवसातून चारदा घंटा वाजते. उचललं की माणूस बोलत नाही. लांबलचक शिट्टी येते, मग किरकिर, मग पुन्हा शिट्टी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रिसीव्हर हातातून पडला. हे सांकेतिक आहे. मी आहे का, हे कोणीतरी चाचपून पाहतंय. सगळे फोन मीच घेतो, कारण टेबल माझ्याजवळ आहे. शिट्टी आली की मी ठणकावून 'हे पुणे आहे' एवढंच सांगतो आणि ठेवतो.

घरी येताना मागे वळून पाहिलं. दोनदा. एक गृहस्थ टिळक रोडपासून मागे होता. शेवटी त्यानेच विचारलं, अहो, नागनाथ पाराला कसं जायचं?

संकल्प: रोज वेगळ्या रस्त्याने घरी यायचं.

२६ सप्टेंबर, बुधवार

वेगळ्या रस्त्याने आलो. पाय दुखतात. संकल्प पावसाळा संपेपर्यंत तहकूब.

२९ सप्टेंबर, शनिवार

शिट्टी म्हणजे फॅक्स होता. दिल्लीहून.

समितीच्या कचेरीतून शेवटी एका माणसाने चेतनच्या मोबाईलवर फोन केला. म्हणाला, सहा दिवस फॅक्स पाठवतोय, तुमच्याकडे कोणी फोन उचलून पुण्याचं नाव सांगतो आणि आपटतो. चेतनने माझ्याकडे पाहिलं. मी पंचांगाकडे पाहिलं.

एक ऑक्टोबरला येणार होते, ते हुकलं. आता आपण तारीख कळवायची. मी लगेच म्हणालो, अधिकमासात नको, सतरा ऑक्टोबरला घटस्थापना, त्याहून चांगला दिवस नाही. चेतन नागपूरचा. त्याच्या घरी बुद्धवंदना होते, घट बसत नाहीत. मुहूर्त हा शब्द काढला की तो कान खाजवतो. पण आज म्हणाला, सतरा चालेल, अक्षताचे बग्ज निघायला तेवढे दिवस लागतीलच, आणि दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर असतो, त्याआधी उरकू.

शास्त्र पटवून दिलं की पटतं माणसाला.

हेही कळलं: समितीने पसंत केलं तर सोळा सरकारी कचेऱ्यांत 'अभेद्य' बसणार. नाही केलं तर कंपनी मार्चपर्यंत कशीबशी. हे चेतनने हसत सांगितलं. कुणी हसलं नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी

अंगात एकशे दोन ताप. सकाळी उठवेना. पहिला विचार: कचेरी! आज शब्द कोण देणार? चार माणसं यंत्रापुढे हताश बसली असतील. सुशीला म्हणाली, पडून राहा, मी फोन करते. म्हटलं, फोनवर शब्द सांगता येत नाही. ती म्हणाली, शब्द कोण सांगतंय, मी रजा सांगतेय.

साडेअकराला राहवेना. मफलर, स्वेटर घालून रिक्षाने गेलो. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी. आत गेलो तर सगळे खटाखट काम करताहेत! यंत्र उघडं!

विचारलं, हे कसं? सगळ्यांनी अक्षताकडे पाहिलं. ती म्हणाली, काका, काल रात्री बंदच केलं नव्हतं आम्ही. तुम्ही आधी बसा बघू, केवढे तापलाय.

अशी बेफिकिरी! कुलूप लावायला विसरतात! माझ्या भीतीला आधार आहे तो हा. सगळ्यांना अर्धा तास सुनावलं आणि मग अक्षताने स्कूटीवरून घरी सोडलं. वाटेत म्हणाली, काका, तुम्ही आजारी पडलात तरी चालेल हं. सहृदय मुलगी, पण बोलायचं कसं ते कळत नाही.

१० ऑक्टोबर, बुधवार

ऐकू नये ते ऐकलं. बेसिनपाशी हात धुत होतो. आतल्या खोलीत चेतन म्हणत होता, काम मिळालं की सोळा ठिकाणी फिरणारी पोरं लागतील, सहा जण तरी घ्यावे लागतील. अक्षताने विचारलं, आणि काकांचं? चेतन म्हणाला, त्यांचं काम तसं सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपलंय गं, पण सांगायचं कसं?

नळ बंद करायला विसरलो. दवाखान्यातून ओरडा आला, वर कोण आहे, पाणी गळतंय.

अर्थात, बाहेरच्याला ऐकू जाईल म्हणून चेतन असं बोलला असणार. कुलपाचं काम गुप्त आहे, त्याचा उच्चार तो कसा करील? माझं काम संपलं असं शत्रूला वाटणं सोयीचंच आहे.

तरी उपाय केला. अक्षताला गाठून सांगितलं, माझ्या शब्दाखेरीज यंत्र कुठल्याही मार्गाने उघडता कामा नये. आणखी काही किल्ल्या असतील तर नष्ट कर. ती काहीतरी बोलणार होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, हो काका. करते.

१३ ऑक्टोबर, शनिवार

छातीत धडधड. खालच्या डॉक्टरांकडे गेलो. पाऊण तास प्रश्न विचारले. गोड आवडतं की आंबट, गर्दीत भीती वाटते की एकटं असताना? म्हणालो, दोन्हीकडे. साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. कॉफी वर्ज्य.

कॉफी सोडली. एक वाजता सोडली, चारला घेतली. अर्धाच कप.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या समिती. तिघे जण. प्रमुख एक बाई आहेत, प्रियदर्शनी मॅडम. चेतनने चारदा रंगीत तालीम घेतली. पहिलं दृश्य माझं: मी शब्द देतो, यंत्र उघडतं, चेतन सांगतो, हे आमचे सुरक्षाप्रमुख. सुरक्षाप्रमुख! हा शब्द त्याने स्वतः वापरला. मी सुचवला होता, पण वापरला त्याने.

म्हणजे १० तारखेचा अर्थ मी लावला तोच बरोबर.

पत्राचा शेवट सुचला: 'राष्ट्राची किल्ली एकाच्याच हाती असावी, आणि तो एक जागा असावा.' संपादकाने हे कापलं तर हात गळून पडेल त्याचा.

१७ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७.२०

घट बसवले. सुशीला म्हणाली, आज लक्ष कुठंय तुमचं, पाणी सांडलं सगळं. नवा सदरा, उपरणं. समितीला अकराची वेळ. शब्द सहा वेळा मनात घोळवला. आश्विन शुद्ध प्रतिपदा. सोपा आणि शुद्ध.

चेतनने सांगितलंय, आज नऊला उघडू नका, एकदम त्यांच्या समोरच उघडा. उठून दिसेल.

१७ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. वर जाववत नाही. घरी जाववत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? म्हणालो, सगळंच. त्यांनी गोळ्या दिल्या आणि पुढचा रुग्ण घेतला.

क्रमाने लिहितो.

अकराला तिघे आले. मॅडम पन्नाशीच्या, साधी साडी, मराठी. मी यंत्रापुढे बसलो. एका बोटाने शब्द टंकला. पडदा म्हणाला: 'हा शब्द उष्टा आहे. दुसरा शब्द द्यावा.'

वाक्य माझंच. गेल्याच महिन्यात मीच लिहिलं होतं.

वाटलं, अक्षर चुकलं. पुन्हा टंकला. उष्टा. चेतन मागून हळूच म्हणाला, काका, सावकाश. पाठीवरून घाम. आज प्रतिपदाच आहे ना? घट बसलेत, मी स्वतः बसवलेत! तिसऱ्यांदा, एकेक अक्षर ओठांनी पुटपुटत, पुटपुटू नये तरी पुटपुटत. पडदा काळा झाला. मधोमध पांढऱ्या अक्षरांत: 'एक अहोरात्र प्रतीक्षा करावी.'

तेव्हा कळलं. प्रतिपदा मी महिन्यापूर्वीच वापरली. अधिकातली. यंत्र आजच्या तारखेला तोच शब्द मागत होतं आणि तोच उष्टा म्हणून परत करत होतं. दोन्ही नियम माझे. आणि 'अधिक' गाळला तो बोट दुखत होतं म्हणून.

मॅडमनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, अधिकमास. त्या म्हणाल्या, तो काल संपला. मी म्हणालो, तेच.

चेतनचा चेहरा खडूसारखा. समितीतला एक जण घड्याळ बघायला लागला. मग अक्षता उठली. पर्समधून एक फ्लॉपी काढली, यंत्रात घातली, चार-पाच कळा दाबल्या. मिनिटभरात 'अभेद्य' सताड उघडं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मॅडम म्हणाल्या, छान. ही फ्लॉपी कोणाकोणाकडे आहे? अक्षता खोटं बोलत नाही, निदान सरकारशी नाही. म्हणाली, आम्हा चौघांकडे. मॅडम माझ्याकडे वळल्या. आणि यांच्याकडे? अक्षता म्हणाली, काकांकडे नाही.

मॅडम म्हणाल्या, आमचं घर येरवड्याला, तुरुंगाच्या भिंतीला लागून. वडील तिथेच नोकरीला होते. ते म्हणायचे, कुलूप केवढं आहे ते बघू नये, किल्ल्या किती आहेत ते मोजावं. तुमच्याकडे आत राहणाऱ्या सगळ्यांकडे किल्ली आणि फक्त पहारेकऱ्याकडे नाही. मग हे कुलूप नेमकं कोणासाठी होतं?

चेतन आणि अक्षता दोघेही माझ्याकडे बघायचं टाळत होते, म्हणून मला उत्तर कळलं.

मॅडमनी वहीत दोन ओळी लिहिल्या. उठताना म्हणाल्या, काम चांगलं आहे तुमचं, खरंच. पण परक्यांच्या चोरदाराला घाबरून घर बांधलंत आणि पहिल्याच दिवशी स्वतःचं चोरदार दाखवलंत. ते बुजवा आणि एप्रिलमध्ये बोलवा. एप्रिल! कंपनी मार्चपर्यंत.

ते गेल्यावर अक्षताला विचारलं, केव्हापासून? म्हणाली, पहिल्या दिवसापासून, काका. तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा तसंच उघडलं. तुम्ही सांगितलंत किल्ल्या नष्ट कर, मी करणार होते, देवाशप्पथ. पण मग तुम्ही एखाद्या दिवशी आला नसतात तर आम्ही काय केलं असतं? आणि तुम्ही रोज नऊला येऊन ते उघडायचात, तेव्हा तुमचा चेहरा असा व्हायचा की... वाक्य पुरं केलं नाही. रडायला लागली. तिचं वर्षभराचं काम वाया गेलं, आणि ती माझ्या चेहऱ्याचं सांगत होती.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी

वर गेलो शेवटी. चेतनला म्हणालो, चूक माझी. यादीत पुढेही अशा जागा असतील, हा निज, म्हणजे खरा आश्विन आहे तोवर रोजच अडेल, दुरुस्त करून देतो. तो म्हणाला, अक्षताने काढून टाकलं ते सगळं, काका, साधा पासवर्ड ठेवलाय. मग म्हणाला, तुम्ही दोन-चार दिवस घरी आराम करा. मी फोन करतो.

विचारलं, कधी?

म्हणाला, बघू.

१८ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ६.४०

'राष्ट्र आणि चोरदार' फाडलं. संपादकाला कापायला काही उरलं नाही.

आता इथे तरी सरळ लिहितो. ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

परदेशी शत्रूचं भय मला होतं, नाही असं नाही. टीव्ही बघून, चेतनचं ऐकून वाटायचं. पण त्यासाठी मी पाकिटात यादी ठेवायला नकार दिला नव्हता. सहा महिन्यांचे शब्द डोक्यात ठेवले ते कोणी आत शिरू नये म्हणून नाही. ते यंत्र माझ्यावाचून उघडू नये म्हणून. उघडलं तर मला कोण बोलावणार, हे भय. त्या भयापायी चार पोरांचं वर्षाचं काम आडवं केलं. चेतनला ते कळलं असावं. अक्षताला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी बावन्न वर्षांचा आहे. मला संस्कृत येतं आणि एका बोटाने टंकता येतं. शाळा सुटल्यावरचं दीड वर्ष मी घरात कसं काढलं ते मला आठवतं. दुपारी तीन ते पाच विशेष. सुशीला पोस्टातून येईपर्यंत मी चार वेळा दार उघडून जिन्यात बघायचो.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती आत माझा डबा भरतेय. साडेआठला हातात देईल, आणि तो घेऊन मी जायचं कुठे, हे मला माहीत नाही.